प्रभूच्या वेळेची वाट आणि घरचं लाइट बिल

प्रभूमध्ये सलाम.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा: तुमचं वय ३१, बी.एस्सी. झालंय. आठ वर्षं स्पर्धा परीक्षा देताय, दोनदा प्रिलिम निघाली, मेन्सला गाडी अडली. वडील नाहीत. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्या, घर त्यांच्या पेन्शनवर चालतं. धाकटी बहीण पुण्यात नर्स आहे, तीही दर महिन्याला काही पाठवते. मंडळीत तुम्ही तरुण संघ सांभाळता, रविवारी कीबोर्ड वाजवता. आता एका खाजगी कंपनीत १४ हजारांची नोकरी चालून आलीय. पाळक म्हणतात, प्रभूच्या वेळेची वाट पाहा. बहीण म्हणते, आता मोठा हो. आणि तुम्ही विचारताय की ही नोकरी धरली तर तो अविश्वास ठरेल का, आणि देवाची इच्छा ओळखायची कशी.

मी ३४ वर्षं पाळक होतो, बहुतेक सेवा नगर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांत झाली. आता निवृत्त आहे, पण लोक घरी येतातच. 'देवाची इच्छा कशी ओळखायची' हे विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांचा प्रश्न खरोखर तोच असतो. उरलेल्या निम्म्यांना देवाची इच्छा चांगली ठाऊक असते, ती कोणीतरी दुसऱ्याने बोलून दाखवावी आणि उद्या चुकलं तर दोषही त्यानेच घ्यावा, एवढंच हवं असतं. तुम्ही कोणत्या निम्म्यात बसता ते मला इथून दिसत नाही. पण पत्रात एक गोष्ट खटकली. आठ वर्षांचा सगळा हिशेब तुम्ही परीक्षांमध्ये दिलाय. या आठ वर्षांत घराला किती लागले आणि ते कुठून आले, याचा आकडा कुठेच नाही. पगाराचा आकडा आहे, तोही 'फक्त १४ हजार' असा.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी एक बाई आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगा म्हणजे छत्तीस वर्षांचा गडी. मी त्याला विचारलं, "चहा घेणार?" आई म्हणाल्या, "तो बिनसाखरेचा घेतो." मी विचारलं, "सध्या काय चाललंय?" आई म्हणाल्या, "अभ्यास चाललाय त्याचा, पण डोकं दुखतं." पंधरा मिनिटं असंच. शेवटी मी बाईंना म्हटलं, ताई, तुम्ही जरा आत आमच्या मंडळींशी बोलत बसा. त्या उठल्या तसा तो थोडा बावरला. मी त्याला शास्त्रातलं काही विचारलं नाही. म्हटलं, "घरचं लाइट बिल किती येतं?" माहीत नव्हतं. "गॅसचा सिलेंडर किती दिवस पुरतो?" माहीत नव्हतं. "आईला बीपीची गोळी कोणती चालू आहे?" तीही माहीत नव्हती. मोबाइलचा रिचार्ज संपला की आईला सांगायचा, एवढं त्याला माहीत होतं. मुलगा वाईट नव्हता हो. निर्व्यसनी होता, उपासना कधी चुकवायचा नाही, आणि प्रार्थना इतकी सुंदर करायचा की माझ्याही डोळ्यांत पाणी यायचं.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला जन्मांध तुम्हाला माहीत आहे. येशूमुळे त्याला दृष्टी आल्यावर परूशी, म्हणजे त्या काळचे कडवे यहुदी धर्मपंडित, त्याच्या आईबापांना बोलावून विचारतात, याला आता दिसतं ते कसं? ते म्हणतात, तो वयात आलाय, त्यालाच विचारा, तो स्वतःविषयी सांगेल. त्यांनी हे भीतीपोटी म्हटलं, सभास्थानातून बाहेर काढतील म्हणून, असं योहान लगेच पुढे नोंदवतो. म्हणजे आईबापांचा हात सुटला तो प्रेमाने वगैरे नाही, घाबरून सुटला. तरीही पुढे काय होतं बघा. काल-परवापर्यंत रस्त्यावर बसून भीक मागणारा हा माणूस एकटा उभा राहून पंडितांशी वाद घालतो, आणि हाकलला जातो तेव्हा येशू स्वतः त्याला शोधत येतो. 'त्यालाच विचारा' हे वाक्य आपल्या घरांत फार उशिरा उच्चारलं जातं. काही घरांत कधीच नाही.

आता मूळ मुद्दा. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल तीन ओळींच्या अंतराने दोन गोष्टी सांगतो. दुसऱ्या ओवीत म्हणतो, एकमेकांची ओझी वाहा. पाचव्या ओवीत म्हणतो, ज्याने त्याने आपला भार वाहायचा आहे. मूळ ग्रीकमध्ये शब्द दोन आहेत, पहिला 'बारोस', दुसरा 'फोर्तियॉन'. पुष्कळ प्रवचनांत तुम्ही ऐकलं असेल की पहिलं म्हणजे न पेलणारं जड ओझं आणि दुसरं म्हणजे पाठीवरची आपापली शिदोरी. मीही वर्षानुवर्षं तसंच सांगायचो. पण ते तितकं सरळ नाही. मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात परूशी लोकांच्या खांद्यांवर जड ओझी लादतात, तिथेही हाच दुसरा शब्द आहे. आणि 'माझं ओझं हलकं आहे' असं येशू म्हणतो तिथेही तोच. मग मी वजनावर जाणं सोडलं. आता एवढंच विचारतो, की हे ओझं कोणाचं आहे? ज्याचं आहे त्याने ते आपलं म्हणून उचललं, आणि मग पाय लटपटले, तर मंडळीने खांदा द्यायचा. त्याने ते आपलं म्हणून हातच लावला नाही, तर खांदा देणारे त्याला मदत करत नसतात, त्याचं ओझं चोरत असतात.

तुमच्या बाबतीत परीक्षा हे तुमचं ओझं. ते तुम्ही उचललंय, आठ वर्षं, खोटं कशाला बोला. पण परीक्षा देत असतानाचा तुमचा जेवणखर्च, अभ्यासिकेची फी, पुस्तकं, फॉर्मचे पैसे, आजारपण, हेही तुमचंच आहे. ते आई आणि बहीण उचलतायत. दोन वर्षं उचललं असतं तर मी त्याला आधार म्हटलं असतं. आठ वर्षांनी त्याला तोच शब्द वापरायला माझी जीभ वळत नाही.

बहिणीचं 'मोठा हो' तुम्हाला झोंबलं हे दिसतं. पण नाइट ड्यूटी करून पैसे पाठवणारीला ते म्हणायचा हक्क आहे. तिने तो फार उशिरा वापरला असं माझं मत.

तुमच्या पाळकांविषयी लिहिण्याआधी मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतला एक तरुण माझ्याकडे आला. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात जागा होती, आठ दिवसांत हजर व्हायचं होतं, आणि रविवारीसुद्धा पाळी लागणार होती. त्याने विचारलं, काय करू? मी म्हटलं, घाई नको, प्रार्थना करू, प्रभू याहून चांगलं दार उघडेल. दोन महिने आम्ही मनापासून प्रार्थना केली. जागा गेली. पुढे चार वर्षं तो घरी होता. त्याने मला कधी बोल लावला नाही, लग्नानंतर त्याच्या बायकोने मात्र लावला, तोही भर कापणीच्या सणाच्या लिलावात, सगळ्यांसमोर. तेव्हा राग आला. रात्री झोप लागेना तेव्हा आठवलं की त्या वेळी माझ्या मंडळीत हार्मोनियम वाजवणारा तो एकटाच होता.

तुमचे पाळक माझ्यासारखे आहेत असं मी म्हणत नाही. मी त्यांना ओळखत नाही. कदाचित तुमची तयारी त्यांनी जवळून पाहिली असेल आणि खरोखर थोडक्यात हुकतंय असं त्यांना वाटत असेल. पण एक विचारून बघा: तुम्ही कीबोर्ड वाजवत नसता, तर त्यांनी हाच सल्ला दिला असता का? आणि सल्ला कोणाचाही असो, पाळकाचा असो की माझा, तो मानल्यावर तो निर्णय तुमचा होतो. 'पाळकांनी सांगितलं म्हणून' हे उत्तर आदामाच्या उत्तराच्या जवळ जातं. 'तू दिलेल्या बाईने मला दिलं.' एका वाक्यात बायको आणि देव दोघांवर ढकललं त्याने.

देवाची इच्छा कशी ओळखायची, याकडे वळतो. शास्त्रात प्रतीक्षा करायला सांगितलंय, ते कोणी नाकारत नाही. सत्ताविसाव्या स्तोत्राचा शेवट तोच आहे, आणि तिथे प्रतीक्षेच्या जोडीला 'हिंमत धर' आहे. पण प्रतीक्षा करणारी माणसं शास्त्रात काय करत असतात ते पाहा. प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय. पौलाला आशिया प्रांतात वचन सांगायचं होतं, पवित्र आत्म्याने अडवलं. बिथुनियात जायचा प्रयत्न केला, तिथेही अडवलं. मग त्रोवसात रात्री दृष्टान्त झाला, मासेदोनियात ये म्हणून. पौल चालत होता म्हणून त्याला अडवता आलं. तो अंत्युखियात खोलीत बसून राहिला असता तर कोणतं दार बंद आहे हेही त्याला कळलं नसतं. आणि या सगळ्या काळात त्याचं पोट कशावर चाललं? तंबू शिवण्यावर. करिंथात तो अक्विला आणि प्रिस्किल्लाकडे राहिला, कारण धंदा एकच होता. हा जगातला सगळ्यात मोठा मिशनरी, आणि थेस्सलनीकाकरांना लिहितो की तुमच्यावर भार नको म्हणून आम्ही रात्रंदिवस राबलो.

चिठ्ठ्या टाकण्याबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय. 'वेदीपुढे चिठ्ठी टाकून पाहू का?' नका टाकू. यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या हे खरं, पण ते पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवसाच्या, आधी. आत्मा मिळाल्यावर एखादा निर्णय त्यांनी तसा घेतल्याचं नव्या करारात दिसत नाही. गिदोनाने लोकर ठेवून तिच्यावर दव पडतं का अशी खूण मागितली, त्याचंही तसंच. देवाने त्याला आधीच स्पष्ट सांगितलं होतं, लोकर त्याला हवी होती ती भीती वाटत होती म्हणून. देवाने सांभाळून घेतलं, तो त्याचा चांगुलपणा.

आता जरा कडक बोलतो, रागावू नका. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू काही लोकांना फटकारतो, कारण आईबापांना द्यायचं होतं ते 'देवाला अर्पण केलंय' असं सांगून ते मोकळे होत. त्यांचा मामला पैशांचा होता. पण वेळ आणि कष्टही असेच अर्पण करून मोकळं होता येतं. तरुण संघाची सहल, नाताळची तयारी, शनिवारी सराव, उपास-प्रार्थना, आणि आईला दवाखान्यात न्यायला शेजारच्या काकू. तुमच्या घरी असं होतं की नाही मला माहीत नाही. माझ्या मंडळ्यांत मी ते पुष्कळ पाहिलंय आणि त्याला 'सेवा' म्हणून टाळ्याही मिळाल्यात. जाता जाता, आईच्या पेन्शनमधून तुम्ही थैलीत टाकता ते अर्पण आईचंच लिहिलं जातं. दशमांश आपल्या कमाईचा असतो.

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजात ही सवय थोडी जुनीही आहे. अमेरिकन मिशनरी १८३१ साली नगरला आले. त्यांनी शाळा, दवाखाने, बोर्डिंग काढली, दुष्काळात माणसं जगवली. त्याच वेळी 'साहेब बघतील' हेही कंपाउंडच्या भिंतींत मुरलं. साहेब गेले, वाक्य राहिलं, फक्त साहेबांच्या जागी कधी पाळक आले, कधी प्रभू. पण दुसरी परंपराही आपलीच आहे. केडगावला मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जागृती झाली त्याच्या गोष्टी आपण सांगतो. त्याच आवारात पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या विधवा आणि मुली शेती करत, विणत, छापखान्यात खिळे जुळवत. रमाबाईंनी केलेलं बायबलचं भाषांतर त्याच छापखान्यात, त्यांच्याच हातांनी छापलं गेलं. तासन् तास प्रार्थना करणाऱ्या त्या बायका हात बांधून बसल्या नव्हत्या.

आणि आठवा, तुमचं दृढीकरण झालं असेल. लहानपणी बाप्तिस्मा झाला तेव्हा आईवडिलांनी तुमच्या वतीने वचनं दिली. दृढीकरणाला बिशपांसमोर तीच वचनं तुम्ही आपल्या तोंडाने दिली. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा बालबाप्तिस्मा आणि प्रौढ बाप्तिस्मा, दोन्ही पद्धती ठेवल्या गेल्या. पण कोणत्याही पद्धतीत एक वेळ अशी येतेच की 'होय' स्वतःला म्हणावं लागतं. आपण त्या दिवशी नवे कपडे घालतो, फोटो काढतो, घरी बिर्याणी होते. त्या 'होय'चा लाइट बिलाशी काही संबंध असेल असं कोणी सांगत नाही. मीही दृढीकरणाच्या वर्गात कधी सांगितलं नाही.

इथवर नोकरी धरा असाच माझा कल दिसतोय, आणि आहेच. पण काही गोष्टींवर उत्तर बदलतं, त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत.

तुम्ही सकाळी उठू शकत नसाल, अभ्यासाला बसलात की छातीत धडधडत असेल, महिनोन् महिने कशातच मन लागत नसेल, तर हा आळसाचा किंवा विश्वासाचा प्रश्न नाही, आजाराचा असू शकतो. आधी डॉक्टर. लगेच कोणाकडे जाता येत नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात. 'ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊ नये' हे पौलाचं वाक्य लोक बेकारांच्या तोंडावर फेकतात. तिथे शब्द 'इच्छा नाही' असा आहे. शक्ती नाही किंवा संधी नाही अशांबद्दल ते वाक्य नाही.

आई आजारी असून तुम्हीच त्यांचं सगळं करत असाल, तर तुम्ही बेकार नाही, आणि बहिणीला ते स्पष्ट सांगायला हवं.

शिवाय सगळं तुमच्या हातात नव्हतं हेही मान्य. जागा निघत नाहीत, परीक्षा पुढे जातात. तुम्ही अनुसूचित जातीतून आलेल्या ख्रिस्ती घरातले असाल, तर १९५०च्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती तुम्हाला नाहीत. ख्रिस्ती समाज त्यासाठी कितीतरी वर्षं झगडतोय. तो दोष तुमचा नाही. पण दोष कोणाचा हे ठरलं तरी उद्या सकाळी काय करायचं हे ठरत नाही, ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

मी तुमच्या जागी असतो तर नोकरी धरली असती आणि परीक्षा सोडली नसती. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८ आहे, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे कागदावर अजून वर्षं आहेत, आणि नेमका तोच धोका आहे. सरकारची मुदत ही तुमची मुदत धरू नका. स्वतःची तारीख ठरवा, कॅलेंडरवर लिहा, आणि ती आई सोडून कोणाला तरी सांगा. मंडळीचे खजिनदार, जुने शिक्षक, कोणीही, फक्त जो दया दाखवणार नाही असा. नोकरी करून अभ्यास अर्धाच होईल, हे खरं. तुमचे आठही तास अभ्यासिकेत अभ्यासाचेच होते का, हे तुमचं तुम्हाला माहीत.

पहिला पगार झाला की निदान पाच हजार आईच्या हातात ठेवा. त्या म्हणतील, राहू दे, तुलाच लागतील. परत घेऊ नका. आईला त्याची गरज नसेलही. त्यांनी ते तुमच्या लग्नासाठी बाजूला टाकले तरी चालेल. बहिणीला एकच ओळ पाठवा, की या महिन्यापासून माझ्या वाट्याचं पाठवू नकोस. खुलासा, माफी, वचन, काही नको. तिला सहा महिन्यांनी कळेल.

पाळकांना कसं सांगू, असं तुम्ही शेवटी विचारलंय. विचारू नका, सांगा. 'मी नोकरी धरतोय, रविवारी येईन, शनिवारच्या सरावाचं नक्की नाही.' ते नाराज झाले तर होऊ द्या, पाळकांना नाराज व्हायची सवय असते. आणि कीबोर्डसाठी तरुण संघातलं एखादं पोरगं आत्तापासून तयार करा, म्हणजे त्यांची अडचण होणार नाही.

तो बिनसाखरेचा चहावाला नंतर एकदा भेटला. एका मेडिकलमध्ये काउंटरवर उभा होता. मी गोळ्या घ्यायला गेलो, त्याने चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, "पाळकसाहेब, आईला हीच चालू आहे, फक्त पॉवर वेगळी." मी काही बोललो नाही. सुटे पैसे घेतले आणि निघालो.

आज संध्याकाळी आईकडून लाइट बिल मागून घ्या. महावितरणचा ग्राहक क्रमांक बारा आकडी असतो, तो आपल्या मोबाइलमध्ये लिहून ठेवा.